दोनशे बारा माहेरं

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं गोड बोलून फसवलं. साताऱ्यात पोवई नाक्यावर एका वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर माझे दोन कॉम्प्युटर होते. लग्नपत्रिका, शाळांचे निकाल, कुणाचा अर्ज, पडेल ते काम मी करायची. नव्व्याण्णव सालच्या एप्रिलात पुण्याच्या एका प्राध्यापकांनी मला धरणग्रस्तांच्या याद्यांचं काम दिलं. त्या कामात मी जे करून बसले ते आजही मान वर करून सांगता येत नाही. तरी सांगते.

कोयनेचं धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कुणी साताऱ्याकडं आलं, कुणी सांगलीच्या बाजूला गेलं, कुणी थेट घाट उतरून कोकणात. पुढं चाळीस वर्षांत कुणाचं कोण कुठं आहे याचा कुणाला पत्ता नाही. एका संघटनेनं घरोघर फिरून कुटुंबांच्या याद्या करायचं ठरवलं होतं. त्या जोडून एकच मोठी यादी करायची, कुणीही शोधलं तर आपला माणूस सापडावा, असं त्या प्राध्यापकांचं म्हणणं. सातारा भागाची, आणि कोकणात उतरलेल्यांचीही, यादी माझ्याकडं, सांगली भागाची इस्लामपूरच्या शमशेरकडं. त्याचंही माझ्यासारखंच दुकान, फक्त कॉम्प्युटर एक. आणि दोन्ही याद्या जोडायचं काम माझं.

मी ते काम घेतलं ते आईसाठी. माझी आई जाईबाई. तिचं माहेर धावरी, ते गाव त्या पाण्याखाली आहे. आणि तिची एकुलती एक धाकटी बहीण, धुरपा, गाव उठलं त्या साली जी हरवली ती हरवलीच.

झालं असं होतं. पावसाच्या आत गाव रिकामं करा म्हणून हुकूम आला, तशी ज्या घरात लग्नाची पोरगी होती त्या घरानं तिचं लग्न उरकायचा सपाटा लावला. उद्या कुठल्या मुलखात जाऊन पडू, तिथं आपल्याला कोण ओळखणार, ही धास्ती. धुरपा चौदा वर्षांची. आई साताऱ्यात बाळंतीण, माझा थोरला भाऊ मिलिंद तेव्हा आठ दिवसांचा, म्हणून तिला लग्नाला जाता आलं नाही. नवऱ्याकडच्या लोकांनी नुकताच धम्म घेतलेला. ते म्हणाले, द्रौपदीचं, पुराणातलं नाव आमच्या घरात नको, पोरीला आम्ही नवं नाव देणार. दिलंही. ते काय दिलं हे आईला कधीच कळलं नाही. नवऱ्याचं गावही पाण्यात जाणारच होतं; ते कुठलं आणि नवऱ्याचं नाव काय, हेही आईपर्यंत पोचलं नाही. ट्रक आले, माणसं, भांडी, शेरडं भरून नेली. आणि माझे आजी-आजोबा त्याच पावसाळ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये तापानं गेले, महिन्याच्या अंतरानं. जावयाचा ट्रक कुठं गेला हे ज्यांना ठाऊक होतं ती दोन माणसं अशी गेली.

माझे वडील, धोंडीबा, होते तोवर त्यांनीही शोधलं. बाजाराला जाईल तिथं विचारायचे. पण विचारणार काय? धुरपा नावाची बाई आता कुठंच नव्हती. सासरी तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.

तर ही यादी. याद्या एक्सएमएल नावाच्या पद्धतीनं लिहायच्या होत्या. ती तेव्हा अगदी नवी होती. मराठी अक्षरं तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी दिसायची, म्हणून नावं सगळी इंग्रजी लिपीत. पद्धत मात्र सोपी. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर टॅग लावायचा, म्हणजे खूण. नाव उघडलं, नाव बंद केलं. गाव उघडलं, गाव बंद केलं. कुटुंबाच्या आत माणूस उघडला असेल तर आधी माणूस बंद करायचा, मग कुटुंब. ही फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला प्रोसेसर म्हणतात. एक जरी टॅग बंद करायचा राहिला तरी तो तिथंच थांबतो, अमुक ओळीत चूक आहे एवढं सांगतो आणि पुढचं अक्षर वाचत नाही. वेबची पानं दाखवणारा ब्राउझर तसला नाही, तो चुकलेलं गिळतो आणि अंदाजानं पुढं रेटतो. हा अंदाज करत नाही. मला तो फार आवडायचा. म्हटलं, चला, माझ्यासारखं खडूस कुणीतरी भेटलं.

दुसरी भानगड होती ती एकाच नावाच्या टॅगांची. माझ्या यादीत गाव म्हणजे बुडालेलं गाव, शमशेरच्या यादीत गाव म्हणजे आता जिथं राहतात ते. दोन्ही एकत्र घातल्यावर कुठलं कुठलं? त्यासाठी त्याच साली जानेवारीत नेमस्पेसचा नियम पक्का झाला होता. टॅगच्या पुढं एक छोटा शब्द जोडायचा, त्याला प्रीफिक्स म्हणतात, आणि फाइलच्या डोक्यावर जाहीर करायचं की हा प्रीफिक्स अमुक पत्त्याचा. पत्ता वेबच्या पत्त्यासारखा लिहायचा. प्रीफिक्स ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठेवावा, प्रोसेसर पत्त्यावरून ओळखतो की हे कुणाचं. आणि प्रीफिक्स लावला पण पत्ता जाहीर केला नाही, तर नव्या नियमाचा प्रोसेसर फाइल घेत नाही. मी हे सगळं शमशेरला एस्टीडीवरून दोनदा सांगितलं होतं. तो दोन्ही वेळा व्हय व्हय म्हणाला होता.

आई रोज विचारायची. मी दारात चप्पल काढतेय तोच, आज काय घावलं का गं. माझ्या यादीत धावरीची सगळी घरं होती, पण त्या घरांतून लग्न होऊन गेलेल्या मुली त्यांच्या सासरच्या कुटुंबात मोजलेल्या. तरी मी तिला सांगायची, अजून इस्लामपूरची यादी यायची आहे, थांब. ती थांबायची. थांबायची तिला सवयच होती.

शमशेरची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरबरोबर आली, गुरुवारी. शनिवारी दुपारी पुण्याचा माणूस जोडलेली यादी न्यायला येणार होता. मी फ्लॉपी घातली, प्रोसेसर चालवला. चौऱ्याऐंशीव्या ओळीवर थांबला. माहेर नावाचा प्रीफिक्स, पत्ता जाहीर केलेला नाही. बघते तर हा एक नाही, फाइलभर तेच. माहेर-नाव, माहेर-गाव. मोजले, दोनशे बारा बायकांपुढं ते टॅग लावलेले. ठरलेल्या नमुन्यात हे कुठंच नव्हतं. त्याच्या मनाला आलं आणि त्यानं घातलं, आणि डोक्यावर एक शब्द लिहिलेला नाही.

मी त्याच्या दुकानाशेजारच्या एस्टीडीवर फोन लावला. तो मावशीकडं लग्नाला कोयनानगरला गेलेला, आठ दिवस येणार नाही. झालं, माझं डोकं सणकलं. काम अर्धवट टाकून वरातीत नाचायला गेला म्हणून मी त्या एस्टीडीवाल्यालाच चार शब्द सुनावले.

आता खरं सांगते. तो पत्ता मी जाहीर करू शकले असते. पण हे टॅग कशासाठी आहेत हे बघायला हवं होतं, वाचायला हवं होतं, आणि मी वाचलं नाही. मला वाटलं, नवऱ्याचं नाव आहे, वसाहत आहे, पोरंबाळं मोजली आहेत, मग बायकांची माहेरं कुणाला हवीत? मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि त्या प्रीफिक्सचं जे काही होतं ते सगळं काढून टाकलं. दोनशे बारा माहेरं एका मिनिटात गेली. त्याच फ्लॉपीवर त्याच नावानं फाइल परत लिहिली. प्रोसेसरनं वरपासून खालपर्यंत मुकाट वाचली. मला बरं वाटलं, हे सांगायलाही लाज वाटते.

मग जोडलेल्या यादीत मी धुरपा शोधली. आईचा भाबडा विश्वास होता की कुणीतरी कुठंतरी जुनं नावही लिहिलं असेल. नव्हतं. धावरी शोधलं, माझ्याच यादीतली घरं आली. संध्याकाळी घरी गेले तर आई उंबऱ्यातच उभी. दिवसभराचा शीण, शमशेरचा राग, काय काय होतं कुणास ठाऊक, मी तिच्यावर खेकसले.

"आई, सगळ्या याद्या संपल्या. मावशी कुठंच नाही. असती तर सापडली असती."

ती आत गेली, माझ्यासाठी चहा टाकला. मला वाटलं, बरं झालं, रोजची कटकट मिटली. अशी मी.

पुढच्या आठवड्यात तिनं मिलिंददादाला पुण्याहून बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, "तिचं करून टाकू. यादीत न्हाई म्हंजी न्हाई. किती दिस तिला अशी लोंबकळत ठिवू?"

दादा म्हणाला, आई, खात्री नाही तर कशाला? ती म्हणाली, दीक्षानं मशिनीत बघितलंय. मी खाली बघत बसले, पण तेव्हाही मला आपलं चुकलं असं वाटत नव्हतं. प्रोसेसरनं नाही म्हटलंय, प्रोसेसर अंदाज करत नाही, एवढंच माझ्या डोक्यात.

रविवारी सकाळी मावशीच्या नावानं पुण्यानुमोदन केलं. बौद्धाचार्य आले, शेजारची पंधरावीस माणसं आली. गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, आमच्याकडं फोटो नव्हता, म्हणून दादानं पांढऱ्या पुठ्ठ्यावर धुरपा असं मोठ्या अक्षरात लिहून बुद्धाच्या मूर्तीशेजारी टेकवून ठेवलं. त्रिशरण, पंचशील झालं. आईनं स्वतः मेणबत्ती लावली. बौद्धाचार्यांनी विचारलं, वय काय होतं? आई म्हणाली, चौदा. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आई रडली नाही, सगळ्यांना आग्रह करकरून खीर वाढली. त्या दिवसापासून ती मला काही विचारीनाशी झाली. मी घरी यायची, चप्पल काढायची, आणि घर नुसतं शांत.

चौथ्या दिवशी, बुधवारी, शमशेर स्वतः साताऱ्याला आला. लग्नाचे लाडू घेऊन, दात काढत. मी लाडवाला हात लावला नाही. म्हटलं, शमशेरभाई, तुमच्या त्या माहेरापायी माझा अख्खा दिवस गेला, पत्ता जाहीर करायला काय झालं होतं? तो म्हणाला, माझ्याकडं तर चाललं की. मग माझ्या लक्षात आलं. त्याच्याकडचा प्रोसेसर जुना, आदल्या वर्षीचा. त्याला नेमस्पेस हे प्रकरणच माहीत नव्हतं. उघडलेलं बंद केलंय ना, मग झालं, असा त्याचा हिशेब. त्याच्या परीनं फाइल बरोबरच होती.

तो खुर्ची ओढून यादी बघायला लागला आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. माहेर कुठं गेलं, म्हणाला. मी सांगितलं, काढलं. मग जे सांगितलं ते त्यानं पडद्याकडं बघतच सांगितलं.

तो आणि त्याची बहीण रुक्सार वसाहतींमधून छापील फॉर्म घेऊन फिरले होते. घरातला बाप्या दारात उभा राहून सांगायचा, रेशनकार्डावर आहे ते लिहा. ते लिहून व्हायचं. मग बाप्या आत गेला की घरातली बाई हळूच पुढं यायची आणि म्हणायची, माझं बी लिही, मी अमुक गावची, मला तितं अमुक म्हनत्यात. एकीनं सांगितलं की दुसरी यायची. पुढं पुढं तर बायका आधी माहेर सांगायला लागल्या आणि नवऱ्याचं नाव नंतर. फॉर्मात रकाना नव्हता, रुक्सार फॉर्मच्या पाठीवर लिहून घ्यायची. "दीक्षाताई," तो म्हणाला, "त्या बायकांनी सासरचं नाव सरकारला सांगितलं. हे नाव त्यांनी कुणीतरी शोधत येईल म्हणून सांगितलं."

मी विचारलं, मूळ फाइल आहे? त्यानं शर्टाच्या खिशातून दुसरी फ्लॉपी काढली. इस्लामपूरचा माणूस, कंडक्टरवर विश्वास नाही म्हणून त्यानं एक प्रत जवळ ठेवली होती. मी ती घातली. डोक्यावर एक ओळ लिहिली, माहेर हा प्रीफिक्स अमुक पत्त्याचा. एकच ओळ. प्रोसेसर चालवला आणि त्यानं सगळीच्या सगळी माहेरं वाचली, कुठं अडखळला नाही.

मग धुरपा शोधली. एक सापडली. माहेर-नाव धुरपा, माहेर-गाव धावरी. सासरचं नाव विजयमाला, नवऱ्याचं मानसिंग, राहणार इस्लामपूरजवळची वसाहत, तिसरी ओळ.

शमशेर म्हणाला, ही मला आठवते, बालवाडीत मदतनीस आहे, चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. तो असं 'आहे' म्हणाला आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. तो बिचारा घाबरला. त्याला काय ठाऊक, की तीन दिवसांपूर्वी आम्ही तिच्या नावानं खीर खाल्ली होती.

पुण्याला दुरुस्त यादी पाठवायचं काम शमशेरवर सोपवून भर दुपारी दुकान बंद केलं आणि मी घरी गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. सापडली हे आधी सांगितलं आणि मी काय केलं होतं ते नंतर, काही न लपवता. मला वाटलं होतं ती उठून मला थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "जित्या मानसाची मेनबत्ती लावली गं मी. आता तिला कुठलं तोंड दावू?"

दोन दिवस ती जायलाच तयार नव्हती. मी म्हणायची चल, ती म्हणायची जाईन, जरा दम खा. अडतीस वर्षं जिच्यासाठी जीव टांगणीला लावला, तिच्याकडं जायला एसटीनं दोन-अडीच तास लागतात, आणि बाई म्हणते दम खा. शेवटी मीच म्हटलं, आई, पाप माझं आहे, तू का तोंड लपवतेस? तू लावलीस ती माझ्या शब्दावर. तेव्हा कुठं शनिवारी सकाळी ती उठली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, आणि आम्ही इस्लामपूरच्या गाडीत बसलो.

कराडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग अचानक म्हणाली, मशिनीला आमचं गाव कसं कळलं? मी तिला जमेल तसं सांगितलं. टॅगच्या पुढं शब्द असतो, त्या शब्दाला पत्ता द्यावा लागतो. तिनं विचारलं, मशिन त्या पत्त्यावर जाऊन बघतं व्हय? म्हटलं, नाही आई. तिथं कुणी जात नाही. तिथं काही नसलं तरी चालतं. तो पत्ता फक्त आपण कुणाचे हे सांगण्यापुरता.

"म्हंजी गाव पान्याखाली असलं तरी चालतं?"

"चालतं."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, तिला मेणबत्तीचं सांगायचं नाही हां, लहानपणापासनं भित्री आहे ती.

स्टँडवर शमशेर आला होता. त्यानं आम्हाला रिक्षानं वसाहतीत नेलं. तिसऱ्या ओळीपाशी एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, विजयमालाबाई व्हय, ते काय पिंपरणीखालचं घर. आईला ते नाव आवडलं नाही. असलं कसलं नाव म्हणून ती पुटपुटली, पण पाय झपाझप उचलायला लागली. शमशेर बाहेरच थांबला.

दार उघडंच होतं. आत एक बाई भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. वाळकी, केस पिकलेले, बालवाडीच्या मदतनीस बायकांची निळी साडी. तिनं आमच्याकडं बघितलं, कोण पायजे म्हणाली. मी आईचा दंड धरला होता, तो तिनं सोडवला. ती म्हणाली, "धुरपे, मी जाई."

मावशीच्या ओच्यातल्या शेंगा जमिनीवर सांडल्या. ती उठली नाही, तिला उठता येईना. आईच खाली बसली, आणि दोघी एकमेकींची तोंडं चाचपायला लागल्या. आंधळी माणसं चाचपतात तसं. मी दारात उभी राहून रडत होते.

जरा वेळानं मावशी आईच्या खांद्यावरून दाराकडं बघायला लागली. माझ्याकडं नाही, माझ्या मागं. मग म्हणाली, "आये कुठाय? मागनं यायलीया व्हय?"

ही गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. तिला कसं कळणार होतं? तिच्या लेखी तिची आई, म्हणजे माझी आजी, अजून होती, कुठल्यातरी वसाहतीत, जाईजवळ असेल, अठ्ठ्याहत्तर-ऐंशीची झाली असेल. रुक्सारला तिनं माहेर सांगितलं ते जाईसाठी नव्हतंच, आईसाठी होतं. तिनं ते तेव्हाच बोलून दाखवलं. नवऱ्यानं चार वर्षांत टाकलं, दुसरी केली, सासूनं दोन वेळा घराबाहेर काढलं, एक पोर गेलं. यातलं कुणाला काही सांगितलेलं नाही, म्हणाली. वसाहतीत सगळ्यांना वाटतं विजयमालाबाई हसरी आहे. "समदं आयेला सांगायचं म्हनून ठिवलंय. तिला बोलव."

आई माझ्याकडं बघत होती. पंधरा दिवसांपूर्वी ठाऊक नसताना मी किती सहज बोलले होते, असती तर सापडली असती. आता आईला ठाऊक होतं आणि तिला बोलता येत नव्हतं. मला वाटलं ती खोटं सांगेल, मागनं येणार आहे म्हणेल, आजचा दिवस तरी निभावून नेईल. मी मनात म्हणतही होते, खोटं बोल गं आई, एकदा बोल.

"आये न्हाई, धुरपे," आई म्हणाली. "तू गेलीस त्याच पावसात गेली. आबा बी. मी हाय. मला सांग."

मावशी रडली नाही. ती आईचं तोंड नुसती बघत राहिली, ओळखीचं काही आहे का असं. आई आता साठीची, आजी गेली तेव्हा जेमतेम चाळिशीची होती. मावशीच्या डोळ्यांपुढं आई म्हणून जी बाई इतकी वर्षं होती, ती समोर बसलेल्या बाईपेक्षा कितीतरी तरणी असणार. बाहेर कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं, तेवढाच आवाज येत होता.

आईनं मांडीवरचं लुगडं नीट केलं आणि जरा सरकून बसली. मावशी हळूहळू कलली, पिकलेलं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटून बोलायला लागली.

"आये, मला हितं लय तरास झाला गं."

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सांग, बाळा."